आधी चप्पल लिहा, मग सेकंद

फिजिओच्या इंटर्नशिपमध्ये न्यूरोची पोस्टिंग लागली की पहिल्याच आठवड्यात हातात स्टॉपवॉच येतं. माझा पहिला पेशंट म्हणजे अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेले एक काका. दहा मीटर चालायला त्यांना २८ सेकंद लागले. दोन आठवड्यांनी १९. मी हरखून फाइल दाखवायला गेले, तर मॅडमनी एवढंच विचारलं, "तेव्हा पायात काय होतं?"

आठवेना. शेवटी काकूंनीच सांगितलं: तेव्हा सैल रबरी स्लिपर, आता मागे पट्टा असलेली सँडल. मधल्या काळात काठीही आली होती, तीही मी लिहिली नव्हती. स्लिपर घालून, काठीशिवाय, मी अगदी लगत चालत पुन्हा मोजलं. २५! म्हणजे सेकंदाला ०.४ मीटर. नऊ सेकंदांचा माझा आनंद तीनवर आला.

तेव्हापासून सेकंदाच्या आधी पायात काय, काठी कोणती, कुणी धरलं होतं का, हे लिहिते. "नेहमीसारखं चाला" म्हटलं की "जोरात चाला", तेसुद्धा. जागा १४ मीटरची घ्या आणि घड्याळ मधल्या १० मीटरलाच चालवा. दोन्ही टोकांचे दोन-दोन मीटर वेग घ्यायला आणि थांबायला.

हातासाठी १९७५ पासून चालत आलेलं फ्यूगल-मायर स्केल, म्हणजे अर्धांगवायूनंतर हालचाल किती परतली ते मोजायची गुणपद्धत, शिकाच. हाताला ६६, पायाला ३४ गुण; प्रत्येक हालचालीला ० (जमलीच नाही), १ (अर्धवट) किंवा २ (पूर्ण). खरी कसोटी त्या १ वर लागते. कोपर सरळ ठेवून हात समोर खांद्याच्या उंचीपर्यंत न्यायचा असतो. काकांचा हात वर जायचा, पण अर्ध्यात कोपर वाकायचं. मुलगा शेजारून म्हणायचा, "उचलला की हो पूर्ण!" अशा वेळी २ द्यायचा मोह होतो. देऊ नका. महिन्याभराने खरे २ मिळाले, तर ते दाखवायचे कुठे?

जेवण, अंघोळ, संडास अशी रोजची कामं पेशंट स्वतः किती करतो ते मोजणारा बार्थेल इंडेक्स पाच मिनिटांत होतो, पण त्याचा जन्म १९६५ मधल्या अमेरिकेतला. जेवणाच्या प्रश्नात पदार्थ कापणं, लोणी लावणं येतं. खाली बसून उठता येतं का, हे तो विचारतच नाही. आमच्या निम्म्या पेशंटांच्या घरी मात्र भारतीय पद्धतीचा संडास. असलं सगळं मी फाइलच्या समासात लिहिते.

काकांच्या समासात सहाव्या आठवड्याची नोंद आहे: 'उजव्या हाताने भाकरी दाबून धरली, डाव्याने मोडली. भाजी काकूंनीच कालवली.' जेवणाचे बार्थेल गुण त्या दिवशीही १० पैकी ५ च होते, म्हणजे 'मदत लागते'.