स्वस्तातल्या पोर्ट्रेट लेन्सकडून पूर्ण काम कसं करून घ्यावं

मिररलेस कॅमेऱ्यासाठी मोठ्या अ‍ॅपर्चरची (म्हणजे उजेड आत घेणारं छिद्र मोठं उघडणारी; एफचा आकडा लहान तेवढं छिद्र मोठं) पोर्ट्रेट लेन्स आता आवाक्यात आली आहे. फुल फ्रेमवर, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, सोनीची एफई ८५ मिमी एफ/१.८ किंवा कॅननची आरएफ ८५ मिमी एफ/२, त्याहून लहान सेन्सरच्या एपीएस-सीवर सिग्माची ५६ मिमी एफ/१.४, आणखी लहान सेन्सरच्या मायक्रो फोर थर्ड्सवर ऑलिम्पसची ४५ मिमी एफ/१.८, शिवाय विलट्रॉक्ससारख्या कंपन्यांच्या लेन्स आहेतच. लेन्स हातात आली की पहिला मोह होतो तो अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून तिथेच ठेवण्याचा. मग भुवया धारदार आणि बुबुळं मऊ असे फोटो साठत जातात, आणि दोष लेन्सच्या माथी येतो. खरं तर या लेन्सचं काम अ‍ॅपर्चरपेक्षा अंतरावर जास्त अवलंबून आहे. खालचे सगळे आकडे फुल फ्रेमवरच्या ८५ मिमीचे आहेत.

आधी अंतर, मग अ‍ॅपर्चर

माणूस कॅमेऱ्यापासून २ मीटरवर उभा असेल तर उभ्या चौकटीत साधारण ८५ सेंटीमीटर उंची मावते, म्हणजे डोक्यापासून कमरेपर्यंत. दीड मीटरवर ६२ सेंटीमीटर, म्हणजे डोकं आणि छाती. डोक्यापासून पायापर्यंत उभा माणूस थोडी जागा सोडून घ्यायचा तर ५ मीटर मागे जावं लागतं. लहान खोलीत हे जमत नाही. तिथे ५० मिमी लावा, पण चेहऱ्याच्या एक मीटरच्या आत जाऊ नका, कारण तेवढ्या जवळून नाक मोठं आणि कान लहान दिसू लागतात. हा परिणाम अंतराचा आहे, त्यामुळे कितीही महागडी लेन्स लावली तरी तो होतोच.

आता पार्श्वभूमी. माणूस २ मीटरवर असताना त्याच्या मागे १ मीटरवर भिंत असेल, तर क्षितिजाइतकी दूरची वस्तू जितकी धूसर झाली असती त्याच्या फक्त एक तृतीयांश धूसरपणा त्या भिंतीला मिळतो. भिंत २ मीटर मागे गेली की निम्मा, आणि ६ मीटर मागे गेली की पाऊण. म्हणून ६ मीटर मागची झाडं एफ/२.८ वरसुद्धा १ मीटर मागच्या भिंतीच्या एफ/१.८ वरच्या चित्रापेक्षा जास्त विरघळतात. माणसाला भिंतीपासून चार पावलं पुढे आणा. अ‍ॅपर्चरची रिंग फिरवण्याच्या आधी करायचं काम हेच, आणि त्याला खर्चही नाही.

मागच्या दिव्यांचे मोठे गोल हवे असतील तर दिवे दूर आणि लहान असू द्या, माणूस जवळ घ्या. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं असताना चौकटीच्या कोपऱ्यांत हे गोल बदामी आकाराचे होतात, कारण तिरक्या येणाऱ्या प्रकाशाचा काही भाग लेन्सच्या नळीच्या कडेने अडतो. एफ/२.८ पर्यंत आणलं की ते बरेच गोल होतात.

डोळा नेमका पकडणं

इथे घाई करू नका, सगळ्यात जास्त फोटो इथेच वाया जातात. एफ/१.८ वर २ मीटरला स्पष्ट दिसणारा पट्टा पुढून मागे मिळून सुमारे ६ सेंटीमीटर असतो. दीड मीटरवर तो जेमतेम साडेतीन सेंटीमीटर उरतो. एफ/२.८ वर २ मीटरला ९ सेंटीमीटरपेक्षा थोडा जास्त मिळतो. माणसाच्या दोन डोळ्यांत साधारण ६ सेंटीमीटर अंतर असतं, त्यामुळे चेहरा ४५ अंशात वळला की मागचा डोळा पुढच्यापेक्षा चार सेंटीमीटरहून थोडा जास्त मागे जातो. फोकस पुढच्या डोळ्यावर ठेवल्यावर मागच्या डोळ्याच्या वाट्याला पट्ट्याचा मागचा निम्माच भाग येतो, म्हणजे एफ/१.८ वर २ मीटरला ३ सेंटीमीटर. तो डोळा मऊ होणार हे ठरलेलंच आहे. चेहरा वळलेला असेल आणि दोन्ही डोळे हवे असतील तर एफ/२.८ घ्या. चेहरा सरळ समोर असेल तर एफ/१.८ किंवा एफ/२ खुशाल वापरा.

कॅमेऱ्याची मांडणी अशी करा. फोकस मोड सलग चालणारा ठेवा: सोनी आणि निकॉनवर एएफ-सी, कॅननवर सर्वो. उभा माणूस आणि हातातला कॅमेरा दोघंही सतत एखाद-दुसरा सेंटीमीटर पुढेमागे डुलत असतात, आणि एकदा फोकस पकडून थांबणारा मोड तेवढ्यात चुकतो. मग डोळा ओळखण्याची सोय चालू करा आणि विषय ‘माणूस’ निवडा. डावा-उजवा डोळा बदलण्याचं काम एखाद्या बटणाला नेमून द्या, म्हणजे कॅमेऱ्याने मागचा डोळा पकडला तर अंगठ्याने लगेच बदलता येतो. शटर दाबताना एका जागी तीन-चार फ्रेम घ्या, त्यातली एक बाकीच्यांपेक्षा नेमकी निघतेच.

चष्मा असेल तर कॅमेरा कधी काचेतल्या प्रतिबिंबावर, कधी फ्रेमच्या काडीवर अडकतो. हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगा किंवा दिवा वर न्या. प्रतिबिंब गेलं की फोकसही बसतो. कपाळावरून पुढे आलेल्या बटांचीही अशीच अडचण होते.

मधल्या बिंदूने फोकस घेऊन मग चौकट हलवायची जुनी सवय मिररलेसवर सोडून द्या. चौकटीत डोळा वर घेण्यासाठी कॅमेरा ७ अंश खाली झुकवला तर २ मीटरवर फोकसची पातळी डोळ्याच्या दीड सेंटीमीटर मागे पडते. एफ/१.८ वर उपलब्ध असलेल्या तीनपैकी दीड सेंटीमीटर तिथेच संपला, आणि अंगाचं डुलणं अजून मोजलेलंच नाही. फोकसचा बिंदू चौकटीत कुठेही नेता येतो, तर तोच डोळ्यावर न्या.

दोन माणसं असतील तर त्यांचे डोळे कॅमेऱ्यापासून एकाच अंतरावर आणा, कपाळं एकमेकांना टेकवली तर फारच उत्तम. अडीच मीटरवर एफ/४ ला सुमारे २० सेंटीमीटरचा पट्टा मिळतो, तो दोघांना पुरतो. तीन-चार जण असतील तर एफ/५.६.

हाताने फोकस करायच्या लेन्स

सगळ्यात स्वस्त लेन्समध्ये कॅमेऱ्याशी बोलणारे विद्युत संपर्कच नसतात. अशी लेन्स लावल्यावर शटर दबत नसेल तर घाबरू नका. मेनूत ‘लेन्सशिवाय शटर’ अशा अर्थाचा पर्याय शोधून चालू करा. कॅमेऱ्यात स्थिरीकरण (हाताची थरथर सावरणारी सोय) असेल तर लेन्सची फोकल लेंग्थ, म्हणजे मिमीचा आकडा, मेनूतून स्वतः भरा. आधी लावलेल्या लेन्सचे ३५ मिमी तसेच राहिले तर स्थिरीकरण कमी पडतं.

रंगीत कडा दाखवणारं फोकस पीकिंग एफ/१.४ वर फसवं ठरतं, कारण पापणी, भुवई आणि बुबुळ सगळंच एकदम चमकतं. त्याची पातळी सगळ्यात कमी ठेवा आणि अंतिम निर्णय चित्र पाच किंवा दहा पट मोठं करून, बुबुळाची कड पाहून घ्या. फोकस नेहमी ज्या अ‍ॅपर्चरवर फोटो काढायचा आहे त्यावरच करा. यातल्या काही लेन्समध्ये एफ/१.४ वर नेमका बसवलेला फोकस अ‍ॅपर्चर एफ/२.८ पर्यंत लहान करताना थोडा मागे सरकतो.

उजेड आणि शटर

लख्ख उन्हात आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १०० ला एफ/१.८ वर सुमारे १/८००० सेकंद लागतो. कॅमेऱ्याचं मेकॅनिकल शटर १/४००० वर थांबत असेल तर फोटो एक स्टॉप (म्हणजे दुप्पट) जास्त उजळ येतो आणि कपाळावरचा तपशील जातो. तीन स्टॉप उजेड अडवणारा एनडी८ हा गडद फिल्टर लावला की तेच १/१००० वर येतं. खरं तर अशा वेळी सावलीत जाणं जास्त चांगलं, चेहऱ्यावरचा उजेडही तिथेच मऊ मिळतो.

वेगवान शटर आणि उघडं अ‍ॅपर्चर एकत्र आलं की इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन (शटरच्या पहिल्या पडद्याचं काम सेन्सरकडून करून घेणारी सोय) बंद करा. १/२००० च्या पुढे त्यामुळे पार्श्वभूमीतले गोल एका बाजूने कापल्यासारखे दिसतात. पुष्कळ जण याचं खापर लेन्सवर फोडतात, पण मेनूतला एक पर्याय बदलला की ते थांबतं. पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटरचा त्रास वेगळा: एलईडीच्या उजेडात फोटोवर आडवे पट्टे उमटतात. ५० हर्ट्झची वीज असेल तिथे मेकॅनिकल शटर आणि १/१००, ६० हर्ट्झ असेल तिथे १/१२० घ्या.

एरवी माणूस शांत उभा असेल तरी १/२०० च्या खाली जाऊ नका. चालत किंवा हसत असेल तर १/५००. स्थिरीकरण तुमच्या हाताची थरथर सांभाळतं, समोरच्याची मान वळली तर ते काही करू शकत नाही. ऑटो आयएसओ चालू करून किमान शटर १/२५० ठरवून टाका. थोडा दाणेदार फोटो वापरता येतो, हललेला डोळा मात्र दुरुस्त होत नाही.

चेहरा खिडकीकडे वळवा आणि बुबुळात उजेडाचा ठिपका दिसतो का ते व्ह्यूफाइंडरमध्येच पाहा. उजेड पाठीमागून येत असेल तर एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉप वाढवा आणि हूड लावलाच पाहिजे. स्वस्त लेन्सवरचं कोटिंग साधं असेल तर सूर्य चौकटीच्या थोडा बाहेर असतानाही सगळा फोटो पांढुरका होतो. हूडनेही भागलं नाही तर तळहाताने लेन्सवर सावली धरा.

लेन्सचे दोष कुठे दिसतात

पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर रुपेरी दागिने, पांढरे केस, उन्हातली पानं यांच्या कडांना रंग येतो: फोकसच्या पुढे जांभळट, मागे हिरवट. लेन्समधून वेगवेगळे रंग किंचित वेगवेगळ्या अंतरावर एकवटतात म्हणून हे होतं. एफ/२.८ पर्यंत ते खूप कमी होतं, त्यामुळे चमकदार दागिने असतील तेव्हा सुरुवातच तिथून करा. उरलेला रंग कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या रॉ फाइलवर ‘डीफ्रिंज’च्या साधनाने काढता येतो, पण काढायच्या जांभळ्या छटांचा पट्टा फार रुंद केला तर ओठांचा आणि कपड्यांचाही रंग उडतो. म्हणून आधी रंगटिपणीने नेमकी ती कड टिपा, मग ताकद हळूहळू वाढवा.

कोपऱ्यांतला काळोख लेन्स प्रोफाइलने (सॉफ्टवेअरमधली त्या लेन्ससाठीची तयार दुरुस्ती) जातो. पोर्ट्रेटमध्ये तो थोडा राहिला तरी चालतो, नजर चेहऱ्याकडे वळते. दुसऱ्या कंपनीची लेन्स असेल आणि डोळ्यावरचा फोकस वारंवार निसटत असेल तर फर्मवेअर, म्हणजे लेन्सच्या आतलं सॉफ्टवेअर, नवं आहे का ते तपासा. काही लेन्सच्या माउंटवरच यूएसबीचं छिद्र असतं, तिथून ते घालता येतं. त्यानंतर कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून २ मीटरवरच्या छापील मजकुरावर एफ/१.८ ला दहा फ्रेम घ्या, प्रत्येक वेळी फोकस मुद्दाम बिघडवून पुन्हा घेऊ द्या. दहाही सारख्या धारदार आल्या तर लेन्स ठीक आहे. सगळ्या सारख्याच मऊ आल्या, आणि हाताने फोकस करूनही सुधारल्या नाहीत, तर ती लेन्स बदलून घ्या.