ड्यूटीचं पिस्तूल कसं निवडायचं: आधी होल्स्टर बघा, मग कॅटलॉग

पिस्तूल कंपन्यांमध्ये ग्लॉक भारी का सिग भारी, हा वाद कुठेही काढा, चहा संपतो पण वाद संपत नाही. ड्यूटीसाठी सेमी-ऑटो (एक गोळी सुटली की पुढची आपोआप भरणारं) पिस्तूल निवडायचं असेल तर त्याच्या आधीचा एक प्रश्न सोडवून घ्या: तुम्ही चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी गोळी बसते त्या जागेत, राउंड (गोळी) ठेवून फिरणार का चेंबर रिकामा ठेवून? बाकी सगळी तुलना यावर उभी आहे आणि नेमकं हेच कुणी विचारत नाही.

आपल्याकडे पोलिसात जे जुनं ९ एमएम १ए आहे, इशापूरच्या रायफल फॅक्टरीचं, ते म्हणजे मुळात ब्राउनिंग हाय-पॉवर, १९३५ सालचं डिझाइन, मॅगझिनमध्ये १३ राउंड. ते सिंगल अ‍ॅक्शन आहे, म्हणजे हॅमर (पिस्तुलाचा घोडा) मागे असेल तरच ट्रिगर दाबून गोळी सुटणार. मग दोनच रस्ते उरतात, एक तर हॅमर कॉक करून (मागे ओढून) सेफ्टी लावून फिरा, नाहीतर चेंबर रिकामा ठेवा आणि वेळ आली की स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, ओढा. बरेच जण दुसरा रस्ता धरतात कारण तो डोक्याला शांत वाटतो, पण स्लाइड ओढायला दुसरा हात लागतो, आणि खऱ्या झटापटीत तो दुसरा हात कुणाच्या तरी कॉलरवर असतो किंवा जखमी असतो. अमेरिकेतल्या पोलिस खात्यांमध्ये चेंबर भरलेलाच ठेवतात, त्यामुळे तिकडचे रिव्ह्यू वाचताना हे ध्यानात ठेवा, ते लोक त्या हिशोबानेच बोलत असतात. तुमच्या युनिटचा नियम रिकाम्या चेंबरचा असेल तर स्लाइड ओढायला किती सोपी आहे हा तुमचा पहिला मार्क, ट्रिगर किती मऊ आहे हा नंतरचा.

(खाजगी सिक्युरिटीवाल्यांसाठी एक वाक्य: भारतात ९ एमएम प्रोहिबिटेड बोअरमध्ये, म्हणजे बंदी असलेल्या मापांत येतं, साध्या लायसन्सवर मिळत नाही, त्यामुळे तुमची तुलना बहुतेक .३२ च्या पिस्तुलांमध्ये होणार. पण खाली हात, होल्स्टर आणि टेस्टिंगबद्दल जे लिहिलंय ते तुम्हालाही लागू.)

आता ट्रिगर. बेरेटा ९२ आणि सिग पी२२६ ही डबल-सिंगल जातीची, पहिली गोळी लांब आणि जड ट्रिगरने, पुढच्या सगळ्या हलक्या आणि छोट्या ट्रिगरने. म्हणजे एकाच पिस्तुलात दोन ट्रिगर शिकायचे, आणि फायरिंग संपलं की होल्स्टरमध्ये घालायच्या आधी डीकॉक करायची (गोळी न सोडता हॅमर खाली आणायची) सवय हाडात मुरवायची. ज्यांना रेंजवर भरपूर वेळ मिळतो त्यांच्यासाठी ही पिस्तुलं मस्त आहेत, वर्षातून एकदा बटवर (फायरिंग रेंजवर) जाऊन कोटा संपवून येणाऱ्यांसाठी नाहीत. ग्लॉक, स्मिथ अँड वेसनचं एम अँड पी, सिग पी३२० ही स्ट्रायकरवाली, यांना बाहेर हॅमर नसतो, आतला स्ट्रायकर गोळीवर आदळतो, आणि ट्रिगर पहिल्या गोळीपासून शेवटच्यापर्यंत एकसारखा, ग्लॉकचा साधारण अडीच किलोचा. शिकायला सोपं, पण ग्लॉकला बोटाने लावायची वेगळी सेफ्टी नाही, आतल्या तीन सेफ्ट्या आहेत आणि ट्रिगर मागे गेला की त्या तिन्ही उठतात, मग तो बोटाने गेलेला असो नाहीतर जॅकेटच्या दोरीने. म्हणून स्ट्रायकर घेताना ट्रेनिंगचे पैसे वाचले असं समजू नका, ते पैसे बोट बाहेर ठेवायच्या शिस्तीवर आणि होल्स्टरवर घालावे लागतात.

जड ट्रिगर म्हणजे सेफ, हा समज न्यूयॉर्क पोलिसांनीही बाळगला होता. १९९३ मध्ये रिव्हॉल्व्हरवरून सेमी-ऑटोवर जाताना चुकून गोळी सुटायची भीती होती, म्हणून त्यांनी १२ पाउंडांचा, म्हणजे जवळपास साडेपाच किलोचा ट्रिगर ठेवला. आता एक किलोच्या आतल्या वस्तूवर साडेपाच किलोने बोट ओढलं तर नळी हलणारच ना, नेम तिथेच जातो आणि गोळी दुसरीकडे, तीही भर वस्तीत. पुढे रँड या अमेरिकन संशोधन संस्थेच्या २००८ च्या अभ्यासातही हलक्या ट्रिगरचा विचार करावा असं आलं. माझं मत विचाराल तर मध्यम वजनाचा एकसारखा ट्रिगर आणि भरपूर ड्राय प्रॅक्टिस (रिकाम्या पिस्तुलाने सराव), यापुढे बाकी सगळं दुय्यम.

हाताचं माप घ्यायला गोळी लागत नाही. मॅगझिन काढा, स्लाइड मागे लॉक करा, चेंबर डोळ्याने आणि बोटाने बघा, शेजारच्यालाही बघायला लावा. मग पिस्तूल असं धरा की नळी आणि तुमचा पुढचा हात एका रेषेत येतील, आणि बघा तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर नीट बसतंय का. बोट ताणावं लागत असेल किंवा पकड फिरवावी लागत असेल तर ते पिस्तूल तुमचं नाही, ते कितीही नावाजलेलं असो. बेरेटा ९२ ची मूठ जाडजूड आहे, डबल अ‍ॅक्शनचा ट्रिगर लांब आहे, लहान हातांना ते छळतं, आणि युनिटमध्ये महिला शिपाई असतील तर हा मुद्दा सगळ्यात वर ठेवा. एम अँड पी, पी३२० आणि चौथ्या पिढीपासूनचं ग्लॉक यांच्यात मुठीचं माप बदलता येतं, पण ते बदलायचे तुकडे शस्त्रागारात खरंच आहेत का ते विचारा, बऱ्याचदा ते डब्यातच पडलेले असतात.

वजनाचं लवकर उरकतो. रिकामं ग्लॉक १७ साधारण ६२५ ग्रॅम, बेरेटा ९२ साधारण ९५० ग्रॅम. जड पिस्तूल कमी उसळतं हे खरं, पण बारा तासांच्या बंदोबस्तात कंबर वेगळंच सांगते. ग्लॉकमध्येच १७ का १९ असा घोळ असेल तर युनिफॉर्मवर १७, साध्या कपड्यांवर १९. १९ मध्ये नळी ११४ ऐवजी १०२ मिलिमीटर, राउंड १७ ऐवजी १५, आणि १७ चं मॅगझिन १९ मध्ये चालतं, जरा खाली लोंबतं एवढंच.

कॅलिबरवरून, म्हणजे गोळीच्या मापावरून, भांडू नका. १९८६ च्या मायामीच्या चकमकीत एफबीआयचे दोन एजंट गेले, त्यानंतर एफबीआय १० एमएमकडे वळलं, मग .४० आलं, आणि नवीन ९ एमएम राउंड जिलेटिनच्या ठोकळ्यावरच्या टेस्टमध्ये १२ ते १८ इंचांत नीट थांबायला लागल्यावर गाडी फिरून ९ एमएमवरच आली. कमी झटका, जास्त राउंड, स्वस्त प्रॅक्टिस. मात्र ती करामत लागल्यावर फुलणाऱ्या गोळीची आहे. साधी, न फुलणारी बॉल गोळी आरपार जाऊ शकते, तेव्हा गर्दीत ड्यूटी असेल तर कुठला राउंड मिळणार हे पिस्तुलाइतकंच महत्त्वाचं.

नवीन मॉडेलच्या मागे धावायच्या आधी पी३२० ची गोष्ट ऐका. जानेवारी २०१७ मध्ये याच कुटुंबातलं पिस्तूल अमेरिकन आर्मीने घेतलं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बाजारातलं पी३२० ठरावीक कोनात पडलं तर गोळी सुटते असं टेस्टमध्ये दिसलं, कंपनीने फुकट अपग्रेड सुरू केला. त्यानंतरही होल्स्टरमध्ये असताना सुटल्याच्या तक्रारी आणि केसेस झाल्या, कंपनी दोष मान्य करत नाही, पण काही खात्यांनी ते वापरणं बंद केलं. खरं कोण ते कोर्ट बघेल. खरेदी करणाऱ्याने एवढंच बघावं की डिझाइन रस्त्यावर किती वर्षं घासलं गेलंय, आणि हातात आलेल्या पिस्तुलावर अपग्रेड झालाय का. अजून एक, ग्लॉक खोलताना ट्रिगर दाबावाच लागतो, एम अँड पीमध्ये तो टाळायची सोय आहे, बेरेटाला त्याची गरजच नाही. साफसफाईच्या टेबलावर अपघात होतात ते इथेच, चेंबर न बघता ट्रिगर दाबल्याने.

आता शीर्षकातला होल्स्टर. ट्रिगर गार्ड पूर्ण झाकणारा आणि मागून कुणी ओढलं तर न निघणारा, असा लॉकवाला होल्स्टर तुमच्या मॉडेलला मिळतो का हे आधी शोधा. टॉर्च लावणार असाल तर टॉर्चसकट बसणारा होल्स्टर वेगळा असतो, आणि इथेच अर्धी यादी गळते. ग्लॉकला पर्याय सगळ्यात जास्त, त्याच्या खपामागे हेही एक कारण आहे. चामड्याचं जुनं झाकणवालं पाकीट धूळ-पावसाला छान, पण झाकण उघडेपर्यंत समोरचा काय करेल याचा विचार करा.

यादीत दोनच उरली की रेंजवर जा. दोन्हींना एकाच लॉटचा अ‍ॅम्युनिशन, एकाच दिवशी, आलटून पालटून. सात मीटरवर होल्स्टरमधून काढून पहिली गोळी, वॉर्मअप न करता, कारण ड्यूटीवर वॉर्मअप नसतो. मग २५ मीटरवर सावकाश पाच, मग फक्त उजव्या हाताने, मग फक्त डाव्या, मग मॅगझिन बदलणं. प्रत्येक मॅगझिनवर पेंटने नंबर टाका आणि स्टॉपेज आलं (पिस्तूल मध्येच अडकलं) की नंबर लिहा, बऱ्याचदा पिस्तूल निर्दोष असतं आणि एकच वाकडं मॅगझिन सगळ्यांना बदनाम करत असतं. आणि प्लीज, टेस्टला युनिटचा चॅम्पियन पाठवू नका, त्याला काहीही द्या तो मधोमधच मारणार. ज्यांचे मार्क दरवर्षी काठावर असतात त्यांच्या हातात द्या, ज्या पिस्तुलाने त्यांचे मार्क वाढतात ते पिस्तूल युनिटचं.

रात्रीच्या साइट्समध्ये, म्हणजे अंधारात दिसणाऱ्या नेमाच्या खुणांमध्ये, ट्रिटियम (स्वतःहून चमक देणारा किरणोत्सारी वायू) असेल तर त्याची तारीख बघा, साधारण १२ वर्षांत उजेड निम्मा होतो, सेकंडहँड लॉटमध्ये हे कुणी सांगत नाही. पिस्तुलामागे तीन मॅगझिन, रिकॉइल स्प्रिंग आणि मॅगझिनच्या स्प्रिंगा त्याच ऑर्डरमध्ये लिहून घ्या, नंतर मागवू म्हटलं की फाइल अडकते. सगळं करून दोघांचे मार्क सारखेच आले तर शस्त्रागारात ज्याचे स्पेअर आज शेल्फवर आहेत आणि जे खोलायला तिथला माणूस शिकलेला आहे, ते घ्या.