उभ्या फ्रेममधला सूड: कोकणात शॉर्ट ड्रामा शूट करणाऱ्या नवोदितांसाठी

मोबाईलवरच्या शॉर्ट ड्रामाचा एक भाग साधारण मिनिट-दीड मिनिटाचा. एवढ्यात प्रेम, दगा आणि सूड बसवायचा म्हणून नवी मंडळी थपडा, रडारड आणि ढणढणाटी संगीत कोंबतात. पण ज्या वस्तूत प्रेम किंवा दगा दिसला, तीच वस्तू सुडाच्या वेळी परत आली नाही, तर प्रेक्षकाला राग कळतो, दुखणं कळत नाही. म्हणून संवादांच्या आधी ती वस्तू ठरवा.

समजा, मे महिना आहे. नायिका पडवीत रातांबे (कोकमाची फळं) फोडत बसलीय, बोटं लालभडक. तो येतो, स्वतःच्या लग्नाची पत्रिका पुढ्यात ठेवतो. ती उचलते आणि अंगठ्याचा लाल ठसा नेमका त्याच्या नावावर उमटतो. संवाद एकही नको. हात, पत्रिका, ठसा, प्रत्येकी दीड-दोन सेकंद. मग तिचा चेहरा किमान ४ सेकंद, न कापता. घाईतला एडिटर नेमका हाच चेहरा छाटतो आणि सीन तिथेच मरतो. पुढे तिसाव्या भागात ती पत्रिका त्याच्या टेबलावर येते, तेव्हा ठसा काळपट हवा; वाळला की हा रंग गडद होतो. पत्रिकेच्या ८-१० प्रती हाताशी ठेवा, दर टेकला एक जाते. रातांब्याचा रंग साबणाने लगेच निघत नाही, तेव्हा स्वच्छ हातांचे शॉट आधी उरका.

फ्रेम ९:१६ची. दोघांना शेजारी उभं केलं की दोघांचे खांदे कापले जातात. ती पुढे, कॅमेऱ्याकडे तोंड करून. तो मागे, किंचित धूसर. तिच्या डोळ्यांत काय शिजतंय ते त्याला दिसत नाही, आपल्याला दिसतं. सुडाचं सगळं बळ या मांडणीत आहे. डोळे वरच्या तिसऱ्या हिश्श्यात ठेवा. खालचा पाचवा हिस्सा सबटायटल आणि बटणं खातात.

पडवी अंधारी, खळं (घरापुढचं अंगण) झगझगीत. मोबाईलचं एक्स्पोजर (कॅमेरा किती उजेड घेतो ते) ऑटोवर असेल तर मान वळताच उजेड हलतो. ते चेहऱ्यावर लॉक करा. उन्हातल्या जांभ्याच्या भिंतीजवळ गालावर लालसर उजेड येतो, तो प्रेमाच्या सीनला ठेवा. सुडाच्या वेळी तिला भिंतीपासून लांब घ्या.

किनाऱ्यावरचं वेळापत्रक समुद्र ठरवतो. इथला जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला बारा वाजायच्या आगेमागे. म्हणजे मावळतीला लांबच लांब ओली, मोकळी पुळण (किनाऱ्याची वाळू) आणि त्यात एकटी ती हवी असेल तर पौर्णिमा किंवा अमावास्या धरा. तिची पावलं लाटेने पुसली जायला हवीत तर दशमी. त्या संध्याकाळी पाणी चढत असतं. भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे अर्धा सीन 'उद्या त्याच वेळी' ठेवला की पाण्याची रेघ जुळत नाही.

लाटांच्या आवाजात कुजबुज हरवते, तेव्हा पुळणीवर संवाद दोन ओळींपुरतेच. खारा वारा लेन्सवर थर धरतो. आधी ब्लोअरने वाळू उडवा, मगच कापड लावा. उलट केलंत तर काच ओरखडते.