जुन्या जर्मन कूपेला आरसा बसवताना या चुका टाळा

पोर्शे 911 असो, बीएमडब्ल्यूची 3.0 सीएस असो की ओपेल जीटी, अशा दोन दारांच्या जुन्या कूपेच्या रीस्टोरेशनमध्ये, म्हणजे ती पूर्वीसारखी करताना, इंजिन आणि सीटकव्हरवर महिनोन्‌महिने जातात. दारावरचा आरसा मात्र अगदी शेवटी, वेबसाइटवर पहिला दिसेल तो मागवला जातो. या गाड्यांच्या बाजूची रेघ इतकी स्वच्छ आहे की तिच्यावरची एकमेव उठून दिसणारी वस्तू म्हणजे आरसा. तो चुकला की लांबूनही डोळ्यांना खुपतो.

सगळ्यात महागात पडते ती घाईने दाराला ड्रिल लावण्याची चूक. चुकीचा आरसा परत पाठवता येतो. पण भोक बुजवायचं तर वेल्डिंग, डेंटिंग आणि अख्ख्या दाराचं पेंटिंग आलं. कारखान्याचा मूळ रंग टिकून असेल तर तो कायमचा गेला. म्हणून आधी दाराचं आतलं ट्रिम काढा आणि पत्रा मागच्या बाजूने बघा. बाहेरून पुट्टी-रंगाखाली झाकलेली जुनी भोकं तिथे बऱ्याचदा दिसतात आणि मूळ आरसा नेमका कुठे होता ते कळतं. काहीच सापडलं नाही तर बाहेर मास्किंग टेप लावा, नेहमीच्या जागी सीट सरकवून बसा आणि दुसऱ्या कोणाला तरी आरसा धरायला सांगा. खिडकीच्या चौकटीआड आरसा अर्धा झाकला जातो का, पुढची तिकोनी काच उघडल्यावर त्याला आपटते का, हे दोन्ही तपासा. काच पूर्ण खाली घेऊन स्क्रूचं टोक तिला लागणार नाही ना, तेही बघून घ्या. मगच ड्रिल हातात घ्यायचं.

दुसरी चूक सालाची. रजिस्ट्रेशनचं साल म्हणजे मॉडेलचं साल नव्हे. पोर्शेचं नवं मॉडेल वर्ष उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर सुरू होई, त्यामुळे 1973 च्या शरद ऋतूत तयार झालेली 911 ही 1974 चं मॉडेल ठरते. उलट, 1974 मध्ये नोंदवलेली गाडी 1973 चं मॉडेलही असू शकते. खात्री करायची ती चासिस नंबरवरून. साठच्या दशकातल्या सुरुवातीच्या 911 ला लहान, गोल, क्रोमचे आरसे शोभतात. पुढे क्रोमचेच, पण मोठे चौकोनी आले. गाडीच्या रंगाचे, आतून बटणाने फिरणारे आणि काच गरम करणारे आरसे 1976 च्या मॉडेलचे. 1966 च्या गाडीवर ते बसवले तर बाकीची सगळी मेहनत झाकली जाते. आरशातल्या वस्तू दिसतात त्यापेक्षा जवळ आहेत, ही काचेवर कोरलेली सूचनाही नंतरच्या अमेरिकी नियमातली आहे. ती दिसली की काच बदललेली आहे हे जाणकाराला लगेच कळतं.

टॅल्बॉट या ब्रँडच्या बुलेट आकाराच्या आरशांवरून वाद होतात. ते बाजारात वेगळे विकत मिळत, म्हणून कारखान्यातून निघालेल्या गाडीची हुबेहूब प्रत करायची असेल तर कामाचे नाहीत. पण त्या काळचा हौशी मालक जे बसवी ते हवं असेल तर खुशाल लावा. जर्मनीत 1997 पासून 30 वर्षांवरच्या गाड्यांना एच नंबर प्लेट, म्हणजे ऐतिहासिक गाडीची खास पाटी, मिळते, आणि तिथेही गाडीच्या पहिल्या 10 वर्षांतले त्या काळाला साजेसे बदल चालतात. माझ्या मते हा निकष शहाणपणाचा आहे.

डावा-उजवा फरकही विसरू नका. अनेक गाड्यांना फक्त ड्रायव्हरच्या बाजूला आरसा असे. युरोपातून मागवलेला डाव्या दाराचा आरसा आपल्याकडच्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत उजव्या दारावर लावला, तर काच ड्रायव्हरकडे पुरेशी वळत नाही. रोज ट्रॅफिकमध्ये चालवणार असाल तर दुसरा आरसा जरूर लावा; तिथे सुरक्षितता आधी.

आरसा लागला, पण वेगात थरथरतो? बहुतेक वेळा दोष आरशाचा नसतो, दाराच्या पातळ पत्र्याचा असतो. आतून रुंद पट्टी किंवा मोठा वॉशर टाका. आपोआप खाली झुकत असेल तर बॉल जॉइंटची (आरसा ज्यावर फिरतो त्या गोल सांध्याची) स्प्रिंग सैल झालेली असते. तिथे ग्लू ओतू नका, नंतर सांधा उघडताच येत नाही.

बुडाभोवती गंज दिसला तर भोकाची कडा रंगवायची राहिली आहे, किंवा रबराची पॅकिंग कडक होऊन पाणी धरून ठेवते आहे. बीएमडब्ल्यू 3.0 सीएसएलच्या (3.0 सीएसच्या हलक्या आवृत्तीच्या) बाबतीत जास्त जपा, कारण तिची दारं ॲल्युमिनियमची आहेत. स्टीलचा स्क्रू ओल्या ॲल्युमिनियमला थेट टेकला की ॲल्युमिनियम झिजत जातं आणि रंग फुगतो. म्हणून रबराची पॅकिंग आणि स्क्रूभोवती नायलॉनची बुशिंग (छोटी नळी) दोन्ही हवीत.

क्रोमवर फोड आले असतील तर प्लेटिंगवाल्याला ते जस्ताचं ओतकाम आहे हे आधीच सांगा. जास्त घासलं की कडा गोल होतात आणि मागचा कंपनीचा शिक्का पुसला जातो. काळे डाग पडलेली काच कडा उचकटून काढू नका, वळवलेली क्रोमची रिम एकदा वाकली की पूर्वीसारखी बसत नाही. हे काम हेडलाइटच्या रिम उघडणाऱ्या अनुभवी कारागिराकडेच द्या.