कोकणात वॉटर स्कीइंगची बोट: घ्यायची कशी, सांभाळायची कशी

बोट बघायला जाण्याआधी ती ठेवायची जागा बघा, आणि त्या जागेपाशी गोड्या पाण्याची सोय आहे का ते बघा. कोकण किनाऱ्यावर स्कीइंगसाठी, म्हणजे बोटीचा दोर धरून पायांतल्या फळ्यांवर पाण्यावरून सरकण्याच्या खेळासाठी, स्वतःची बोट बाळगायची तर ही पहिली अट. खारं पाणी इंजिनात, वायरींत, ट्रेलरच्या बेअरिंगमध्ये, साध्या बिजागरीतही शिरतं, सुकतं आणि मीठ मागे ठेवतं. ते मीठ धुऊन काढणं हे बोटीच्या मालकाचं निम्मं काम आहे. एप्रिल-मेमध्ये, ऐन सुट्ट्यांच्या दिवसांत, किनाऱ्यालगतच्या पुष्कळ विहिरी आटतात किंवा त्यांचं पाणी मचूळ होतं. त्यामुळे नळ आहे एवढ्यावर समाधान मानू नका. मे महिन्यात त्या नळाला काय येतं ते वाडीतल्या माणसांना विचारा. वाडीत हंड्यांची रांग लागलेली असताना पाइप सोडून बोट धुणं मला पटत नाही. त्यावर एका पिंपाचा उपाय आहे, तो पुढे सांगितला आहे.

पाणी निवडा

उघडा समुद्र या खेळाचा नाही. स्कीला सपाट पाणी लागतं आणि ते आपल्याकडे खाड्यांत मिळतं: दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, किंवा देवबागजवळ कर्ली नदीचं पात्र. निदान दोन मीटर खोली आणि बोटीच्या दोन्ही बाजूंना तीस-तीस मीटर मोकळं पाणी असा सरळ पट्टा शोधा. खाडीच्या मुखाशी वाळूचे दांडे दर पावसाळ्यात जागा बदलतात, म्हणून गेल्या वर्षीच्या माहितीवर यंदा बोट पळवू नका.

पट्टा ठरला की पूर्ण ओहोटीला एकदा सावकाश फेरी मारा. कालवांनी भरलेले खडक, जाळ्यांसाठी रोवलेले खुंट, बुडालेली लाकडं, भरतीला झाकलं जाणारं सगळं तेव्हा उघडं असतं. त्यानंतर त्या भागातल्या मच्छीमारांना भेटा. जाळी कुठे आणि कधी लागतात हे त्यांच्याशिवाय कुणी सांगणार नाही. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढली जात असेल तर त्या बाजूला फिरकायचंच नाही. खाडीवर त्यांचं पोट आहे, आपण तिथे मौजेसाठी जातो. वाट त्यांनाच द्यायची. मालवणला सागरी अभयारण्य आहे, १९८७ मध्ये जाहीर झालेलं, त्याच्या हद्दी नीट समजून घ्या.

बोट कोणती घ्यावी

हा खेळ १९२२ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, लेक पेपिन या गोड्या पाण्याच्या तळ्यावर राल्फ सॅम्युएलसन या तरुणाने सुरू केला, आणि खास स्कीच्या बोटी अजूनही मुख्यतः तशाच पाण्याचा विचार करून बनतात. त्यांत इंजिन मधोमध असतं, पंखा (प्रोपेलर) तळाखाली असतो, दोर इंजिनापुढच्या खांबाला बांधतात. मागची लाट लहान उठते आणि पाण्यातल्या माणसाच्या पायांपासून पंखा लांब राहतो. स्कीसाठी याहून चांगली रचना नाही. पण तळाखालचा पंखा आणि सुकाणू वर उचलता येत नाहीत, आणि आपल्या खाड्यांत गाळ व दांडे आहेत.

म्हणून माझा सल्ला १६ ते १८ फुटी फायबर बोट आणि मागे बाहेरून बसवायचं ६० ते ९० एचपीचं आउटबोर्ड इंजिन असा आहे. आउटबोर्ड उथळ पाण्यात उचलता येतं, धुवायला सोपं पडतं. कंपनी निवडताना तुमच्या बंदरावरचे मच्छीमार आणि पर्यटकांच्या बोटी कुठली इंजिनं वापरतात ते पाहा. ज्याचा मेकॅनिक आणि सुटे भाग तालुक्याच्या गावात मिळतात, तेच घ्या. पेट्रोलचा ढोबळ हिशेब असा: पूर्ण वेगाला दर एचपीमागे तासाला साधारण ०.३८ लिटर. म्हणजे ९० एचपीचं इंजिन पूर्ण सोडलं तर तासाला ३४ लिटरच्या आसपास. स्की ओढताना इतका वेग लागत नाही, पण बजेट करताना हा आकडा समोर असू द्या.

जुनी बोट घेणार असाल तर इंजिन बसवलेली मागची फळी बोटांच्या पेरांनी ठोकत जा. खणखणीत आवाज हवा. भद्द आवाज आला तर आतलं लाकूड कुजलेलं असण्याची शक्यता मोठी. गिअर ऑइलचा खालचा स्क्रू सैल करून चार थेंब हातावर घ्या. तेल दुधाळ असेल तर सील फुटून पाणी आत शिरलं आहे. सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या, आकडे एकमेकांच्या जवळ असले पाहिजेत. ट्रेलर गॅल्व्हनाइझ्डच हवा; रंगवलेलं लोखंड खाऱ्या पाण्यात टिकत नाही.

कागदपत्रांसाठी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या स्थानिक बंदर कार्यालयात आधीच जाऊन या. नोंदणी आणि तपासणीसाठी काय काय लागेल ते तिथे समजेल. विमा उतरवताना पॉलिसीत ‘ओढून नेलेल्या व्यक्तीला’ झालेली इजा धरली आहे का, हे स्पष्ट विचारा. पैसे घेऊन लोकांना नेणं हा व्यवसाय झाला, त्याची परवानगी वेगळी.

दिवस आणि वेळ पंचांगातून काढा

भरतीची वेळ काढायची किनाऱ्यावरची जुनी रीत म्हणजे तिथीच्या आकड्याची पाऊणपट, तितके वाजता भरती. चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या सुमारास, साधारण बारा तासांच्या अंतराने दिवसातून दोनदा. हा अंदाज मुंबईकडे चांगला जुळतो; दक्षिणेला मालवणकडे भरती त्याआधी येते. पक्की वेळ भरतीच्या तक्त्यावरूनच घ्या.

आता स्कीला काय हवं ते बघा. सकाळी वारा पडलेला असतो. दहा-अकरानंतर समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि पाण्यावर बारीक लाटा उठतात. म्हणजे भरती सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान हवी. पाऊणपटीच्या हिशेबाने ती दशमी, एकादशी, द्वादशीला येते. मालवणकडे एखादा दिवस पुढे धरा. शिवाय अष्टमीनंतरचे हे दिवस भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असलेले, त्यामुळे खाडीतल्या पाण्याची ओढ कमी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी इतक्या जोराने ओढतं की पडलेला माणूस बोट वळून येईपर्यंत बराच वाहत जातो. महिन्यातून दोनदा असे तीन-चार दिवस मिळतात, नोव्हेंबर ते फेब्रुवारी त्यांतले सर्वोत्तम.

पाण्यात उतरायचा उतारही भरतीवर अवलंबून असतो. ओहोटीला बऱ्याच उतारांचा शेवट चिखलात होतो. भरतीआधी दीड-दोन तास बोट सोडा आणि भरतीनंतर दीड तासाच्या आत वर काढा.

पाण्यावर: तीन माणसं, कधीच दोन नाहीत

एक सुकाणूवर, एक मागे तोंड करून स्कीवाल्याकडे पाहणारा, एक पाण्यात. सुकाणूवरच्याने मागे बघायचं नाही. जाळ्याची बोया किंवा छोटी होडी समोर आली तर ती त्यालाच दिसली पाहिजे. इंजिन बंद करणारी दोरी त्याच्या मनगटाला किंवा पायाला अडकवलेली हवी. लाइफ जॅकेट तिघांनाही.

दोर पॉलिप्रॉपिलिनचा, तरंगणारा, साधारण २३ मीटर. आउटबोर्डच्या बोटीत तो इंजिनावरून जाणाऱ्या पक्क्या बारला बांधा. एका कोपऱ्यातल्या कडीला बांधला तर बोट सतत एका बाजूला ओढली जाते. दोर ताणल्याशिवाय वेग देऊ नका. नवशिक्या मोठ्या माणसाला दोन स्कीवर ताशी ३० ते ३५ किलोमीटर पुरतात, लहान मुलांना २० ते २५. खुणा किनाऱ्यावरच ठरवा: अंगठा वर म्हणजे वेग वाढवा, खाली म्हणजे कमी करा, डोक्यावर थाप म्हणजे परत चला, गळ्यावरून आडवा हात म्हणजे इंजिन बंद. पडल्यावर दोन्ही हात डोक्यावर जोडले की तो ठीक आहे. ती खूण दिसली नाही तर त्याला इजा झाली आहे असं समजून लगेच पण सावकाश जवळ जा.

त्याच्याकडे जाताना तो सुकाणूवरच्या माणसाच्या बाजूला राहील असं वळा. तो बोटीत चढत असताना इंजिन पूर्ण बंद. न्यूट्रल चालणार नाही. पंख्याची जखम भरून न येणारी असते, म्हणून या नियमाला अपवाद करू नका.

परतल्यावरचा अर्धा तास

आता ते पिंप. रुंद तोंडाचं, २०० लिटरचं प्लॅस्टिकचं पिंप घ्या, इंजिनाचा पाय त्यात सोडा, पाणी आत घेणाऱ्या जाळीच्या बरंच वरपर्यंत गोडं पाणी भरा. पंखा काढून ठेवला तर उत्तम. न्यूट्रलवर, मंद वेगात दहा मिनिटं चालवा, म्हणजे इंजिन गरम होऊन थर्मोस्टॅट उघडेल आणि पाणी सगळीकडे फिरेल. मागच्या छोट्या भोकातून पाण्याची धार येते का बघा; न आल्यास ताबडतोब बंद करा. कोरडं इंजिन काही सेकंद चाललं तरी आतला रबरी इम्पेलर, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी फिरवणारं चाक, जळतो. हेच पाणी, थोडं खारट झालेलं असलं तरी, ट्रेलर आणि बोटीच्या तळाच्या पहिल्या धुण्याला वापरा. शेवटचा हात स्वच्छ पाण्याच्या दोन-चार बादल्यांचा. अनेक फोर-स्ट्रोक इंजिनांना पाइप जोडायचं तोंड असतं. तिथून धुताना बहुतेकदा इंजिन बंद ठेवायचं असतं, तुमचं मॅन्युअल बघा.

दोर, लाइफ जॅकेट आणि स्कीचे पट्टे धुऊन सावलीत वाळवा, उन्हात दोर ठिसूळ होतो. तळाचं बूच काढून पाणी जाऊ द्या. बोट शक्यतो ट्रेलरवरच ठेवा. पाण्यात बांधून ठेवलेल्या बोटीच्या तळाला थोड्याच दिवसांत शेवाळ आणि कवचाचे जीव धरतात, आणि मग ती पाण्यावर उचलत नाही. पाण्यात ठेवावीच लागली तर इंजिन वर उचललेलं असू द्या.

हंगामातली देखभाल

पंखा दर काही फेऱ्यांनी काढा आणि तो ज्यावर बसतो तो दांडा बघा. आपल्या खाड्यांत तुटक्या जाळ्यांचे नायलॉनचे धागे फार. ते दांड्याला गुंडाळून आत सरकतात आणि सील कापतात. गिअर ऑइल शंभर तासांनी किंवा वर्षातून एकदा बदला, इम्पेलर दरवर्षी. इंजिनावरचे गंज स्वतःवर घेणारे धातूचे तुकडे, म्हणजे अॅनोड, जस्ताचे किंवा अॅल्युमिनियमचे हवेत. मॅग्नेशियमचे गोड्या पाण्यासाठी असतात. परदेशातून आलेल्या जुन्या बोटीला तेच असतील तर बदला. निम्मे झिजले की नवे लावा, त्यांना रंग कधीही देऊ नका. टू-स्ट्रोक असेल तर मॅन्युअलमधलं तेलाचं प्रमाण पाळा. वायरींच्या जोडांना ग्रीस लावा. ट्रेलर लांबून ओढून आणला असेल तर गरम बेअरिंग तशीच पाण्यात घालू नका. आधी निवू द्या.

पावसाळ्यासाठी शाकारणं

मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत जलक्रीडा बंद ठेवण्याचे आदेश निघतात, मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै असते. पावसाळा लागण्याआधी, मेच्या तिसऱ्या आठवड्यात बोट वर घ्या.

गिअर ऑइल आता बदला, पावसाळ्यानंतर नाही, म्हणजे शिरलेलं पाणी पावसाळाभर आत बसणार नाही. आत्ताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते कोकणातल्या दमट हवेतलं पाणी ओढून घेतं आणि तळाशी वेगळा थर बसतो. सुटी टाकी असेल तर पेट्रोल काढून गाडीत वापरा आणि कार्ब्युरेटर रिकामा करा. प्लग काढून सिलिंडरमध्ये गंज रोखणारं फॉगिंग ऑइल फवारा. इंजिन उभं ठेवा, त्यामुळे आतलं पाणी गळून जातं. बॅटरी घरी आणून महिन्यातून एकदा चार्ज करा. गाद्या घरात, बूच काढलेलं, नाक थोडं वर.

ताडपत्री बोटीला चिकटवून बांधली की आत बुरशी माजते. त्यापेक्षा मच्छीमार बांधतात तसा बांबूंचा उतरता सांगाडा करून त्यावर झाप (नारळाच्या विणलेल्या झावळ्या) किंवा ताडपत्री घाला आणि दोन्ही टोकं हवेसाठी उघडी ठेवा. उंदीर वायरी कुरतडतात, म्हणून आठवड्याला एकदा डोकावून या.

नारळी पौर्णिमेला होड्या दर्यावर जातात, पण स्कीच्या बोटीने खाडीचा गढूळपणा आणि वाहून आलेले ओंडके कमी होईपर्यंत थांबावं. दसऱ्यानंतर उतरवणं बरं. नवं पेट्रोल, पाणी वेगळं करणारा नवा फिल्टर, नवा इम्पेलर, मग पिंपात इंजिन चालवून धार तपासा. पहिल्या फेरीला दोर आणि स्की घरीच राहू द्या, सोबत दोन वल्ही आणि नांगर घ्या, आणि ओहोटीला जाऊन दांडे यंदा कुठे सरकले ते बघून या.