आधी वही, मग कुंडी: भाजीचा खर्च घरच्या बाल्कनीतून कसा कमी करावा

2023 च्या जुलै-ऑगस्टमध्ये टोमॅटो किलोला 200 रुपयांच्या वर गेला, तेव्हा आमच्या सोसायटीतल्या पाच-सहा घरांनी एकदम टोमॅटोची रोपं आणली. कुंड्या आल्या, तयार मातीच्या पिशव्या आल्या, खताचे डबे आले. रोपांना फळं धरेपर्यंत दिवाळी उजाडली आणि तोवर मंडईतले भाव कधीच कोसळले होते. त्या घरांपैकी एक आमचं. घातलेले पैसे वसूल झाले नाहीत.

तेव्हापासून मी दोन अटी पाळते. बाग उभी करायला पैसे जवळजवळ लागू नयेत. आणि लावायचं तेच, जे आपण थोडं-थोडं, सारखं आणि चढ्या भावाने विकत आणतो.

महिनाभर वही लिहा

एकही बी पेरण्याआधी हे करा. रोजची भाजी, तिचा भाव आणि आठवड्याच्या शेवटी फ्रीजमधून काय टाकून दिलं, एवढंच लिहायचं. आमच्या वहीत कांदे-बटाट्यांपेक्षा कोथिंबीर, मिरची, कढीपत्ता, पुदिना आणि पालेभाज्याच पुन्हा पुन्हा दिसत होत्या. कोथिंबिरीची जुडी आणावी, चार काड्या वापराव्यात आणि उरलेली काळी पडावी, हे जवळपास दर आठवड्याला. भाववाढीपेक्षा ही नासाडी मला जास्त लागली.

वहीतून दुसरी गोष्टही कळते, ती भावाच्या हंगामाची. पावसाने शेतातली पालेभाजी सडते, चिखलात तोडणी अडते आणि श्रावणापासून दसऱ्यापर्यंत जुडी महाग होत जाते. पाऊस लांबला तर आणखी पुढे. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये देशभरातला भाज्यांच्या महागाईचा दर 42 टक्क्यांवर होता. नेमक्या या महिन्यांत छत असलेली बाल्कनी कामाला येते, कारण तिथे पावसाचा मार बसत नाही. म्हणून पेरणी भाव चढल्यावर नाही, आषाढातच करायची.

काय लावायचं, काय नाही

कांदा, बटाटा, कोबी, फ्लॉवर बाल्कनीत लावू नका. फ्लॉवरचं एक झाड अडीच-तीन महिने बादली अडवतं आणि एकच गड्डा देतं. कांद्यासाठी आपल्या आजी-आईची बेगमीची रीतच बरी. एप्रिल-मेमध्ये उन्हाळी कांदा निघतो, तो टिकाऊ असतो. चांगला सुकलेला बघून घ्यावा आणि जाळीच्या पिशवीत किंवा बांबूच्या टोपलीत, हवा खेळेल असा ठेवावा. पावसाळ्यानंतर येणारा लाल कांदा तितका टिकत नाही, तो साठवू नये.

लावायचं ते हे: कोथिंबीर, मेथी, लाल माठ, पालक, कांद्याची आणि लसणाची पात, पुदिना, मिरची, कढीपत्ता. कठडा किंवा जाळी असेल तर मायाळूचा वेल. मायाळू एकदा रुजला की वर्षानुवर्षं पानं देतो, भजीला आणि डाळीत दोन्हीकडे चालतो आणि मंडईत सहज मिळतही नाही. मला विचाराल तर पहिली कुंडी त्याचीच.

ऊन आणि वजन

सुट्टीच्या दिवशी सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, तासातासाने बाल्कनीत ऊन कुठे पडतं ते बघा. तीन-चार तास असेल तर पालेभाज्या आणि पुदिना येतो. मिरचीला पाच-सहा तास हवेत. दोन तासही नसेल तर कडधान्यांना मोड आणणं हीच तुमची शेती, त्यालाही मोल आहे.

20 लिटरची बादली नुसत्या ओल्या मातीने भरली तर 25-30 किलो होते. अशा दहा बादल्या बाल्कनीत ठेवायच्या नाहीत. गच्चीवर करणार असाल तर सोसायटीला आधी विचारा आणि बादल्या विटांवर ठेवा, म्हणजे खाली पाणी साचून गळती होणार नाही.

माती विकत आणू नका

खर्च वाचतो तो इथेच. रंगाच्या रिकाम्या बादल्या (स्वच्छ धुऊन), तेलाचे 15 किलोचे डबे, भाजीवाल्याकडचे तुटके क्रेट, तांदळाच्या गोण्या, काहीही चालतं. तळाला पाच-सहा भोकं पाडा. पालेभाजीला सहा इंच खोली पुरते, मिरचीला फूटभर हवी.

रसवंतीवाल्याकडे उसाची चिपाडं फुकट मिळतात. ती दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर गोडव्याने मुंग्या लागतात. बादलीच्या तळाला चिपाडं किंवा नारळाच्या शेंड्या, त्यावर वाळका पाला दाबून, त्यावर पातळ थर माती आणि खताचा, पुन्हा पाला. वरचे चार इंच तेवढे चाळलेली माती आणि खत, निम्मं-निम्मं. महिन्याभरात हे सगळं खाली बसतं, तेव्हा वरून भर घाला. बादली हलकी राहते आणि माती फार थोडी लागते. कोल्हापूरचे प्रा. श्री. अ. दाभोळकर आणि त्यांच्या ‘प्रयोग परिवार’ या प्रयोगशील शेतकऱ्यांच्या गटाने काडीकचऱ्यातून सुपीक माती घडवण्याचे जे प्रयोग केले, त्यांचा धागा आज अनेक गच्चीबागांत दिसतो. रस्त्याकडेला पाला जाळताना दिसला की मला अजून वाईट वाटतं. आपण पोतं घेऊन जावं आणि झाडणाऱ्या मावशींना विचारून भरून आणावं.

खत

बाजूंना भोकं पाडलेल्या दोन बादल्या पुरतात. तळाला वाळका पाला, त्यावर रोजची सालं-देठं बारीक चिरून आणि त्याच्या दुप्पट वाळका पाला. सुरुवातीला वाटीभर आंबट ताक पाण्यात कालवून शिंपडा. आठवड्यातून एकदा हलवा. वास आला तर ओल जास्त झाली, आणखी पाला घाला. शिजलेलं तेलकट अन्न, मांस-मासे घालू नका. एक बादली भरली की दुसरी सुरू करायची. दोन-अडीच महिन्यांत पहिलीत काळं, मातीच्या वासाचं खत तयार होतं.

जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेलं पातळ खत, करायला गूळ आणि बेसनही लागतं. दहा बादल्यांसाठी त्याची गरज नाही, गूळ-बेसन स्वयंपाकघरातच राहू द्या.

पेरणी, दर रविवारी

बियाणं बहुतेक डब्यातच असतं, पण धने-मेथी जुनी असू शकते. म्हणून 20 दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. मेथीला तीन-चार दिवसांत मोड येतात, धन्याला आठ-दहा दिवस द्या. पंधरा तरी उगवले तर पेरायला हरकत नाही. धने पेरण्याआधी चपलेने किंवा लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करायच्या आणि रात्रभर भिजवायच्या. अख्खा धना उशिरा आणि विरळ उगवतो.

सगळ्या बादल्या एकाच दिवशी पेरण्याची चूक बहुतेक जण करतात. मग एका आठवड्यात खूप भाजी आणि नंतर महिनाभर काही नाही. दर रविवारी एकच क्रेट पेरा. चौथा-पाचवा क्रेट पेरेपर्यंत पहिली मेथी काढायला येते. लाल माठालाही साधारण तेवढेच दिवस, पालकाला थोडे जास्त, कोथिंबिरीला सव्वा-दीड महिना. कोथिंबीर उपटू नका, बोटभर ठेवून कात्रीने कापा, पुन्हा फुटते. अजिबात धीर नसेल तर उथळ ट्रेमध्ये वाळूमिश्रित मातीत मेथीदाणे दाट पेरून दहा-बारा दिवसांत काढा. मुंबईत छोट्या जुड्यांत मिळणारी समुद्र मेथी ती हीच.

मिरचीसाठी पुसा ज्वालासारखं सरळ वाण घ्या, म्हणजे पुढच्या वर्षी घरचंच बी वापरता येतं. संकरित वाणाच्या बियांतून तीच मिरची येईल याचा भरवसा नसतो. उन्हाळ्यात कोथिंबीर लगेच फुलावर येते, त्या दिवसांत माठावर भर द्या.

पाणी आणि कीड

बोट दोन पेरं मातीत खुपसा, कोरडं लागलं तरच पाणी. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी घाला, मिठाचं किंवा साबणाचं नको. मिरचीवर मावा आला तर लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि साबणाचे काही थेंब ढवळून संध्याकाळी फवारा. कढीपत्त्याला महिन्यातून एकदा आंबट ताकाचं पाणी.

तोडलेलं वाया जाऊ देऊ नका

वाचलेले पैसे स्वयंपाकघरात निसटतात. मेथीचे कोवळे देठ बारीक चिरून थालीपिठात, कोथिंबिरीचे देठ वाटणात. बाजारातून आणलेल्या भाज्यांनाही हाच नियम. दोडक्याच्या शिरांची तीळ-लसूण घालून चटणी, दुधीच्या सालींची तशीच, मुळ्याच्या पाल्याची पीठ पेरून भाजी. आपल्याकडे कोंड्याचा मांडा करणाऱ्या बायकांनी हे सगळं कधीच शोधून ठेवलंय. मेथी जास्त आली तर सावलीत वाळवून डब्यात भरा, पावसाळ्यात आमटीला चव येते.

वही चालूच ठेवा

आता तिच्यात दोन रकाने वाढवा: बागेवर झालेला खर्च, आणि घरी तोडलेली भाजी त्या दिवशी बाजारात केवढ्याला पडली असती ती किंमत. सहा महिन्यांनी बेरीज करा. जे झाड जागा अडवून रकान्यात काही देत नाही ते काढा, कितीही जीव जडला असला तरी. आमच्याकडचे टोमॅटो असेच गेले, त्या जागी मायाळू आला. गेल्या वर्षी आमच्या खर्चाच्या रकान्यात निंबोळी तेलाची बाटली आणि एक हिरवी जाळी, एवढ्याच दोन नोंदी होत्या.

आणि थंडीत मेथीची चार-पाच जोमदार रोपं तोडायची नाहीत. त्यांना शेंगा धरू द्या, पिवळ्या पडल्या की वाळवा आणि दाणे कागदाच्या पुडीत तारीख घालून ठेवा. पुढच्या आषाढात फडक्यात गुंडाळायचे 20 दाणे त्यातलेच.