कुरळ्या केसांना शॅम्पू बार लावताय? आधी या चुका टाळा

नागपुरात धरमपेठेतून बेसा भागात राहायला आलो, त्या उन्हाळ्यात माझ्या केसांना काय झालंय हे कळायला मला तीन महिने लागले. एका प्रदर्शनातून खोबरेल आणि एरंडेलाचा घरगुती शॅम्पू बार आणला होता. धरमपेठेत नळाच्या पाण्यावर तो बरा चालला. नव्या घरी बोअरचं पाणी. तिथे दुसऱ्या-तिसऱ्या धुण्यापासूनच केस मेणचट लागायला लागले. वाळले तरी ओलसर वाटायचे, बटा सुतळीसारख्या लोंबायच्या आणि कंगव्याच्या दातांत करडा-पांढरा चिकट थर साचायचा. मावशी आली तेव्हा म्हणाली, "काहून वं, तेल लावूनच फिरून राहिली का?" तेलाचा थेंबही नव्हता. केस नीट स्वच्छ होत नाहीत असं समजून मी दर वेळी बार आणखी घासत होते, आणि थर त्यानेच वाढत होता.

"कुरळ्या केसांना बार सोसत नाही" असं आपल्याकडे अनेक जणी ठामपणे सांगतात. माझ्या मते नागपुरात बहुतेक वेळा दोष केसांचा नसतो. चुकीचा बार आणि जड, म्हणजे जास्त क्षारांचं पाणी एकत्र आले की हे होतं.

साबणाला शॅम्पू समजणं

बाजारात बार म्हणून दोन अगदी वेगळ्या वस्तू मिळतात. एक म्हणजे साबणच: तेल आणि कॉस्टिक सोडा यांपासून केलेला, पीएच (आंबट-अल्कधर्मीपणाचं माप) साधारण 9 ते 10. दुसरा सिंडेट, म्हणजे शॅम्पूतलेच फेस देणारे घटक घट्ट करून दाबलेली वडी. चांगल्या सिंडेटचा पीएच 5 ते 6 च्या आसपास ठेवलेला असतो. आपल्या टाळूचा पीएच साधारण साडेपाच. अल्कधर्मी साबणाने केसावरचे बारीक खवले उघडतात, ते एकमेकांत अडकतात आणि गुंता होतो. सरळ केसाला हे थोडंफार खपून जातं. कुरळ्या केसाला प्रत्येक वळणावर खवला आधीच उचललेला असतो आणि टाळूचं तेल टोकापर्यंत पोचत नाही, त्यामुळे तो लवकर राठ होतो.

म्हणून वेष्टनावरचं समोरचं मोठं नाव सोडून मागची बारीक यादी वाचा. "सोडियम कोकोएट", "सोडियम पामेट" किंवा "सॅपोनिफाइड" तेल असं लिहिलं असेल तर तो साबण. "सोडियम कोकॉइल आयसेथायोनेट" असेल तर सिंडेट. कोकोएट आणि कोकॉइल ही नावं इतकी सारखी दिसतात की घाईत हमखास फसायला होतं, मी फसले आहे. टीएफएमचा, म्हणजे एकूण स्निग्धांशाचा आकडा छापलेला असेल तर वेगळी खात्री करायची गरजच नाही, ते मोजमाप साबणाचंच. फक्त "सोडियम कोको सल्फेट"वर बनलेला बारही सिंडेटच असतो, पण कुरळ्या कोरड्या केसांसाठी मी तो घेणार नाही, केसांतलं तेल फार ओढून काढतो.

"हर्बल", "नैसर्गिक", "हातानं बनवलेला" या शब्दांवरून यातलं काहीच कळत नाही.

पाणी न तपासणं

यावर थोडं सविस्तर बोलते, कारण नागपुरात खरी मेख इथेच आहे. महापालिकेचं नळाचं पाणी पेंच आणि कन्हानचं. शहराच्या कडेच्या वस्त्यांत मात्र अजून कित्येक घरं बोअर किंवा टँकरवर आहेत. जमिनीत मुरताना पाणी खडकांमधलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन येतं. साबण त्यांच्याशी जुळला की पाण्यात न विरघळणारा मेणासारखा साका तयार होतो. बादलीच्या कडेला बसणारी करडी रेघ तीच, माझ्या कंगव्यातला थरही तोच. केस सरळ असले तर तो काही प्रमाणात घसरून जातो, कुरळ्यांच्या वळणावळणात अडकून बसतो.

तुमच्या घरचं पाणी किती जड आहे, हे कूलर सांगेल. हंगामाच्या शेवटी कूलरच्या गवतावर पांढरी खरखरीत खपली जमते ना, तीच ही क्षारांची माया. आणखी एक सोपी परीक्षा आहे. स्वच्छ बाटलीत एक तृतीयांश पाणी घ्या, त्यात अंगाच्या साबणाचा चुरा चिमूटभर टाका आणि जोरात हलवा. भरपूर फेस आला आणि खालचं पाणी स्वच्छ राहिलं तर पाणी मऊ. फेस जेमतेम आणि पाणी दुधाळ, तर जड. आकडाच हवा असेल तर पाणी प्रयोगशाळेत देऊन "टोटल हार्डनेस" विचारा. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात 200 मिलिग्रॅम प्रतिलिटर ही चांगली मर्यादा मानली आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. 600 च्या पाण्यात साबणाचा बार चालवणं मी तरी सोडून दिलं.

इथे एक चूक मी शेजारणींकडे वारंवार पाहते. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी बादलीत साठवायचं आणि "फिल्टरचंच आहे" म्हणून त्यानेच केस धुवायचे. त्या पाण्यात क्षार उलट जास्त दाट झालेले असतात. ते फरशी पुसायला वापरा. केसांवर शेवटचा तांब्या ओतायचाच असेल तर आरओचं प्यायचं पाणी घ्या, एक-दीड लिटर पुरतं. पाणी उकळूनही काही जणी पाहतात. त्याने जडपणाचा एक भाग खाली बसतो, सगळा जात नाही.

थर आधीच बसला असेल तर

बार बदलला तरी जुना साका आपोआप निघत नाही, आणि इथेच बऱ्याच जणी "सवय होईल" म्हणत महिनाभर वाट पाहतात. सवय वगैरे काही नसते, थर काढावा लागतो. एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा साधं व्हिनेगर मिसळा, केसांवर ओता, दोन-तीन मिनिटं ठेवा आणि धुवा. आंबटपणाने साका फुटतो, पण त्यातलं स्निग्ध द्रव्य केसांवरच राहतं. त्यामुळे लगेच नंतर सिंडेटने किंवा यादीत "डायसोडियम ईडीटीए" (क्षारांना धरून ठेवणारा घटक) असलेल्या शॅम्पूने एकदा धुवून घ्या. मग भरपूर कंडिशनर. माझे केस दोन धुण्यांत मोकळे झाले. टाळूवर जखम किंवा पुरळ असेल तर व्हिनेगर लावू नका.

बेकिंग सोडा मात्र नको. तोही अल्कधर्मी, म्हणजे आगीत तेल. लिंबू सरळ टाळूवर चोळणंही टाळा, ते फार तीव्र पडतं.

बार केसांवर घासणं

अंगाच्या साबणासारखा बार केसांवर वर-खाली फिरवला की बटा एकमेकींत विणल्या जातात. ओल्या तळहातांत पाच-सहा वेळा फिरवा, फेस झाला की बार बाजूला ठेवा आणि बोटांच्या पेरांनी फक्त टाळू चोळा. लांबीवर खाली वाहणारा फेस पुरे. केस डोक्यावर गोळा करून चोळू नका. रात्री तेलाची चंपी केली असेल तर दोनदा फेस करा, पहिला फेस तेलातच खर्ची पडतो.

मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेला की गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी चटका देतं. कुरळ्या केसांना ते नको. रात्रीच बादली भरून ठेवा आणि सकाळी धुवा. घाम फार येतो म्हणून रोज बार लावण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा पुरे, मधल्या दिवशी नुसतं पाणी आणि थोडं कंडिशनर.

कंडिशनर वगळू नका, "बारमध्येच आहे" असं वेष्टनावर लिहिलेलं असलं तरी. कंडिशनर केसांवर असतानाच रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर गुंता सोडवा. नंतर टर्किश टॉवेलने खसाखसा न पुसता जुन्या सुती पंचाने दाबून पाणी टिपा.

बार संपायच्या आधीच विरघळणं

साबणदाणीच्या पाण्यात बार पडून राहिला की लगदा होतो, पावसाळ्यात तर चार दिवसांत. सिंडेट पाण्यात आणखी लवकर सुटतो. जाळीच्या स्टँडवर, शॉवरच्या तुषारांपासून लांब, हवेशीर कोपऱ्यात ठेवा. मोठा बार सुरीने दोन तुकड्यांत कापून एकच बाहेर काढला तर आणखी टिकतो.

नवा बार तपासायचा तर त्याला तीन-चार धुणी द्या आणि दर वेळी केस वाळल्यावर कंगव्याचे दात उजेडात धरून पाहा. पांढरा थर येत असेल तर बार साबणाचा आहे किंवा पाणी फार जड आहे. दात स्वच्छ असूनही केस राठ लागत असतील तर कंडिशनर वाढवा. टाळूला खाज येत असेल किंवा केस पुंजक्यांनी गळत असतील तर बार बंद करून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.